विश्लेषण : परी भेटली म्हणणाऱ्या बाईला सैतानाची साथीदार कोणी ठरवले? स्कॉटलंडच्या चेटूक-खटल्यांचा इतिहास काय सांगतो?

८ मार्च २०२२ रोजी, जागतिक महिला दिनी, स्कॉटलंडच्या तत्कालीन फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांनी संसदेत औपचारिक माफी मागितली. ज्यांची माफी मागितली ती माणसे तीन-चारशे वर्षांपूर्वीच गेली होती. चेटूक केल्याच्या आरोपावरून त्यांचा छळ झाला होता, अनेकांना देहदंड मिळाला होता, आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात चर्च ऑफ स्कॉटलंडनेही आपल्या भूमिकेबद्दल माफी मागितली.

हे का घडले, याचे सोपे उत्तर ‘लोक अडाणी होते, अंधश्रद्धाळू होते’ असे दिले जाते. ग्लासगो विद्यापीठातील सांस्कृतिक इतिहासकार लिझॅन हेंडरसन यांचा अभ्यास वाचल्यावर हे उत्तर पुरत नाही. गावातल्या लोकांचा पऱ्यांवर विश्वास होता, हे खरे. पण त्या विश्वासाला ‘सैतानाशी करार’ असे नाव देऊन त्यावर फाशीचा कागद तयार करणारे लोक शिकलेले होते.

किती जणांवर आरोप झाले?

स्कॉटलंडच्या संसदेने १५६३ मध्ये चेटूकविरोधी कायदा केला. चेटूक करणाऱ्याला मृत्युदंड आणि चेटूक करणाऱ्याकडे सल्ल्याला जाणाऱ्यालाही मृत्युदंड, अशी त्यात तरतूद होती. हा कायदा १७३६ पर्यंत, म्हणजे जवळपास पावणेदोनशे वर्षे लागू राहिला.

एडिनबरा विद्यापीठाच्या संशोधकांनी उपलब्ध कागदपत्रांवरून एक डेटाबेस तयार केला. ‘सर्व्हे ऑफ स्कॉटिश विचक्राफ्ट’ नावाने तो २००३ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. त्यात ३,८३७ आरोपींची नोंद आहे. त्यांपैकी सुमारे ८४ टक्के स्त्रिया आहेत. शेवटी काय झाले याची नोंद फार थोड्या जणांबाबत मिळते. त्यावरून केलेल्या अंदाजानुसार आरोपींपैकी सुमारे दोन-तृतीयांश, म्हणजे अडीच हजारांच्या आसपास लोक मारले गेले असावेत. त्या काळी स्कॉटलंडची लोकसंख्या साधारण दहा लाख होती, हे लक्षात घेतले तर हा आकडा किती मोठा आहे ते कळते.

खटले दरवर्षी सारख्या प्रमाणात झाले नाहीत. १५९०-९१, १५९७, १६२८-३०, १६४९-५० आणि १६६१-६२ या पाच काळांत त्यांची लाट आली.

खटला चालायचा कसा?

सुरुवात बहुतेक वेळा शेजारच्या भांडणातून व्हायची. गाय आटली, मूल आजारी पडले, पीक बुडाले, आणि त्याआधी कोणीतरी रागाने शिव्याशाप दिलेले असायचे. तक्रार चर्चच्या स्थानिक समितीकडे जाई. पाद्री आणि गावातले मान्यवर साक्षी गोळा करत. संशयिताला कोंडून ठेवले जाई आणि रात्रंदिवस जागे ठेवले जाई. सलग काही रात्री झोप न मिळालेला माणूस भ्रमात बोलू लागतो. नेमके तेच बोलणे कबुलीजबाब म्हणून लिहून घेतले जाई.

दुसरी पद्धत सुई टोचण्याची. सैतान आपल्या माणसाच्या अंगावर खूण करतो आणि त्या जागी दुखत नाही, असा समज होता. ती खूण शोधण्यासाठी अंगभर सुया टोचल्या जात. हे काम करणारे पैसे घेऊन गावोगाव फिरत. त्यांत जॉन किनकेड हे नाव कुप्रसिद्ध होते. त्याला १६६२ मध्ये तुरुंगात टाकण्यात आले.

कबुली मिळाली की कागद एडिनबराला प्रिव्ही कौन्सिलकडे जात. तिथून स्थानिक जमीनदारांना खटला चालवण्याचा अधिकार दिला जाई. म्हणजे ज्यांनी आरोप गोळा केले, त्यांच्याच ओळखीतले लोक न्यायाधीश होत. दोषी ठरलेल्या व्यक्तीला साधारणतः आधी गळा आवळून मारत आणि मग देह जाळत.

स्कॉटलंडची ‘परी’ कोण होती?

मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर परी म्हटले की पंख, पांढरा झगा आणि जादूची कांडी येते. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या स्कॉटिश शेतकऱ्याची परी अशी नव्हती. ती माणसाएवढी असे, माणसांसारखे कपडे घाली, टेकड्यांच्या पोटात राही. तिथे राजा-राणी, जेवणावळी, नाचगाणी सारे काही असे. त्या जगाला ‘एल्फहेम’ म्हणत.

या लोकांचे नाव घेणेही धोक्याचे मानले जाई. म्हणून त्यांना ‘भले शेजारी’ म्हणत. ते प्रसन्न झाले तर औषध सांगत, हरवलेली वस्तू दाखवत. रागावले तर गुराढोरांना बाण मारत, पाळण्यातले मूल पळवून त्या जागी आपले किरकिरे मूल ठेवत. शेतात नांगरताना सापडणारी गारगोटीची टोकदार पाती ही ‘परीचे बाण’ समजली जात. प्रत्यक्षात ती अश्मयुगीन माणसाची हत्यारे होती. घरात लोखंड ठेवले की हे शेजारी आत येत नाहीत, असाही समज होता.

हेंडरसन यांनी इतिहासकार एडवर्ड काउअन यांच्यासोबत लिहिलेले ‘स्कॉटिश फेअरी बिलीफ’ हे पुस्तक २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. परी खरी होती की खोटी, या वादात ते अडकत नाही. ज्यांनी हे मानले त्यांच्या रोजच्या जगण्यात या विश्वासाचे काम काय होते, हा त्यांचा प्रश्न आहे. मूल दगावले, नवरा अचानक झुरू लागला, धडधाकट जनावर एका रात्रीत मेले, या घटनांना तेव्हा दुसरे स्पष्टीकरण नव्हते. परी हे स्पष्टीकरण होते आणि त्यात थोडा उपायही होता.

बेसी डनलॉपच्या खटल्यात काय घडले?

एअरशायरमधल्या बेसी डनलॉपवर १५७६ मध्ये खटला चालला. तिच्या जबानीचा दस्तऐवज आजही वाचायला मिळतो. ती सांगते ते असे : नुकतीच बाळंत झालेली बेसी गाई हाकत रडत चालली होती. गाय मेली होती, नवरा आणि तान्हे बाळ आजारी होते. वाटेत तिला करड्या दाढीचा, हातात पांढरी काठी घेतलेला एक वयस्कर गृहस्थ भेटला. त्याने आपले नाव टोम रीड सांगितले. हा टोम रीड १५४७ मध्ये पिंकीच्या लढाईत मारला गेला होता. बाळ जगणार नाही, पण नवरा बरा होईल, असे त्याने सांगितले.

पुढे तो तिला वारंवार भेटत राहिला. त्याने दाखवलेल्या वनस्पतींनी ती आजारी माणसांना आणि जनावरांना औषध देई. चोरीला गेलेल्या वस्तूंबद्दल लोक तिला विचारायला येत. एकदा त्याने तिला आठ बायका आणि चार पुरुष दाखवले. ते एल्फहेमच्या दरबारातले होते. आमच्याबरोबर येतेस का, असे त्यांनी विचारले. ती गेली नाही. बाळंतपणाच्या वेळी तिच्याकडे येऊन पाणी मागणारी एक धिप्पाड बाई ही एल्फहेमची राणीच होती, असेही टोमने तिला नंतर सांगितले.

या जबानीत बेसीने कोणाचे वाईट केल्याचे दिसत नाही. टोमने तिला ख्रिस्ती श्रद्धा सोडायला सांगितले, तेव्हा घोड्यांच्या शेपटीला बांधून मला फाडले तरी ते करणार नाही, असे तिने ठणकावले होते. हेही जबानीत आहे. तरीही ती दोषी ठरली. कागदाच्या समासात दोन गोष्टी नोंदवल्या आहेत : दोषी आणि जाळली.

‘परी’चा ‘सैतान’ कसा झाला?

इथे धर्मशास्त्र आणि कायदा दोन्ही कामाला आले. स्कॉटलंडमध्ये १५६० च्या सुमारास धर्मसुधारणा झाली. नव्या चर्चच्या मते अदृश्य जगात दोनच बाजू होत्या : देव आणि त्याचे दूत, किंवा सैतान आणि त्याचे दूत. मधली जागा नव्हती. पऱ्या देवाच्या बाजूच्या नाहीत, हे स्पष्ट होते. मग त्या सैतानाच्याच बाजूच्या ठरल्या.

राजा सहावा जेम्स याने १५९७ मध्ये ‘डिमॉनॉलॉजी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याआधी १५९० मध्ये डेन्मार्कहून राणीसह परतताना त्याची जहाजे वादळात सापडली होती. ते वादळ चेटकिणींनी उठवले, असा आरोप होऊन नॉर्थ बेरिकचे खटले चालले. लोकांना औषधपाणी करणारी अ‍ॅग्नेस सॅम्पसन ही स्त्री १५९१ मध्ये मारली गेली. जेम्सने आपल्या ग्रंथात पऱ्यांचाही विचार केला आहे. लोक ज्यांना ‘भले शेजारी’ म्हणतात तो सैतानाने दाखवलेला भास आहे, असा त्याचा निष्कर्ष. हाच जेम्स १६०३ मध्ये इंग्लंडचाही राजा झाला. त्याच्याच काळात शेक्सपिअरने ‘मॅकबेथ’ लिहिले. कुसुमाग्रजांच्या ‘राजमुकुट’मुळे मराठी रंगभूमीला ते परिचित आहे. त्या नाटकातल्या तीन चेटकिणींच्या मागे हा काळ आहे.

राजाचा हा निष्कर्ष फक्त पुस्तकात राहिला नाही. चौकशी करणारे त्याच चौकटीतून प्रश्न विचारत. बाई म्हणे, मला करड्या दाढीचा माणूस भेटला. प्रश्न येई, तो सैतान होता ना? बाई म्हणे, राणीने जेवायला वाढले. प्रश्न येई, बाप्तिस्मा नाकारलास ना?

याचा सर्वांत ठळक नमुना ऑल्डर्नच्या इसोबेल गाउडीच्या कबुलीजबाबात मिळतो. एप्रिल-मे १६६२ मध्ये सहा आठवड्यांत तिचे चार कबुलीजबाब लिहून घेतले गेले. टेकडीखालच्या परीराणीकडे पोटभर जेवल्याचे, परीचे बाण तयार होताना पाहिल्याचे ती सांगते. सैतानाच्या भेटींचे तपशील कागदावर सविस्तर आहेत. परीलोकाचे वर्णन मात्र काही ठिकाणी ‘इत्यादी’ लिहून मध्येच तोडलेले आहे. तिचे पुढे काय झाले, याची नोंद नाही.

फक्त गरीबच ‘जाणत्या बाई’कडे जात का?

नाही. फाइफमधल्या अ‍ॅलिसन पिअरसनवर १५८८ मध्ये खटला झाला. पऱ्यांनी पळवून नेलेला एक नातेवाईक आपल्याला औषधे सांगतो, असे तिचे म्हणणे होते. तिच्याकडून औषध घेणाऱ्यांत खुद्द सेंट अँड्रूजचे आर्चबिशप पॅट्रिक अ‍ॅडमसन होते. विरोधकांनी यावरून त्यांची भरपूर टिंगल केली. कायद्यानुसार सल्ला घेणाराही दोषी होता. पण जाळली गेली ती अ‍ॅलिसन. आर्चबिशपवर चेटकाचा खटला झाला नाही.

विज्ञानयुग आल्यावर श्रद्धा संपली का?

हेंडरसन यांचे २०१६ मधले पुस्तक ‘विचक्राफ्ट अँड फोक बिलीफ इन द एज ऑफ एन्लाइटनमेंट’ याच प्रश्नावर आहे. त्यात १६७० ते १७४० या काळातल्या स्कॉटलंडचा अभ्यास आहे. शाळेच्या पुस्तकात हा काळ ‘प्रबोधनाची पहाट’ म्हणून येतो. न्यूटनचा ग्रंथ १६८७ चा. पण कागदपत्रांत दिसते ते असे की नवे विज्ञान आणि जुनी श्रद्धा दीर्घकाळ शेजारी-शेजारी, कधी कधी एकाच माणसाच्या डोक्यात नांदत होत्या.

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना ‘बॉयलचा नियम’ पाठ असतो. त्या रॉबर्ट बॉयल यांनी १६७८ मध्ये लॉर्ड टार्बट या स्कॉटिश सरदाराची मुलाखत घेतली होती. विषय होता हायलँडमधल्या लोकांची ‘दुसरी दृष्टी’, म्हणजे पुढे घडणारे आधी दिसण्याची शक्ती. बॉयल यांना हा पुराव्यानिशी तपासण्याचा विषय वाटत होता.

अ‍ॅबरफॉइलचे पाद्री रॉबर्ट कर्क यांनी १६९१-९२ च्या सुमारास पऱ्यांच्या राज्याचे तपशीलवार वर्णन करणारे हस्तलिखित तयार केले. त्यांचा हेतू पऱ्यांची पूजा करण्याचा नव्हता. अदृश्य जग खरे आहे हे दाखवून नास्तिकांना उत्तर द्यायचे, हा होता. १६९२ मध्ये कर्क वारले. पऱ्यांनीच त्यांना नेले, अशी आख्यायिका त्या गावात आजही सांगतात. त्यांचे हस्तलिखित १८१५ मध्ये छापले गेले.

या काळात माणसे मारली जाणेही थांबले नव्हते. १६९७ मध्ये पेझ्ली इथे ११ वर्षांच्या क्रिश्चन शॉ या मुलीच्या आरोपांवरून सात जण दोषी ठरले. एकाने तुरुंगात जीव दिला आणि सहा जणांना देहदंड झाला. त्याच वर्षी थॉमस एकनहेड या विशीतल्या विद्यार्थ्याला ईश्वरनिंदेसाठी एडिनबरात फाशी झाली. पुढच्या वर्षी, १६९८ मध्ये, नैर्ऋत्य स्कॉटलंडमध्ये कर्ककुब्री इथे एल्सपेथ मॅक्युअन या वृद्धेला जाळले गेले. शेजाऱ्यांच्या गाईंचे दूध जादूच्या खुंटीने ओढून घेते, असा तिच्यावर आरोप होता. १७०५ मध्ये पिटनवीम गावात कोठडीतून सुटलेल्या जॅनेट कॉर्नफुटला जमावाने अंगावर दार टाकून, त्यावर दगड रचून ठार मारले.

१७३६ मध्ये नेमके काय बदलले?

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एडिनबरातले न्यायाधीश पुराव्याबाबत कडक झाले होते. छळाने मिळवलेली कबुली आणि सुई टोचण्याच्या ‘चाचण्या’ यांवर १६६२ मध्येच प्रिव्ही कौन्सिलने निर्बंध घातले होते. त्यामुळे खटले हळूहळू घटले. कायद्याने देहदंड झालेली शेवटची स्त्री डॉर्नॉक इथली. तिला जॅनेट हॉर्न या नावाने ओळखतात. वर्ष १७२७ मानले जाते, तिथल्या स्मृतिशिळेवर मात्र १७२२ कोरले आहे. हातापायांत व्यंग असलेल्या मुलीला घोडी करून तिला नाल ठोकली, असा आईवर आरोप होता.

वेस्टमिन्स्टरच्या संसदेने केलेला नवा कायदा १७३६ मध्ये लागू झाला. चेटूक हा गुन्हाच राहिला नाही. चेटूक येते असे भासवून लोकांना फसवणे हा गुन्हा ठरला आणि त्याला एक वर्षाचा कारावास ठेवला गेला. स्कॉटलंडमधले खासदार जेम्स अर्स्किन यांनी या बदलाला विरोध केला. १७४३ मध्ये मुख्य चर्चमधून फुटलेल्या एका पंथाने जुना कायदा रद्द होणे हे राष्ट्राचे पाप असल्याचे जाहीर केले.

हेंडरसन यांच्या मांडणीतला कळीचा मुद्दा हाच आहे. कायदा एका दिवसात बदलला, लोकांचे मन बदलले नाही. परीच्या गोष्टी, दृष्ट, लोखंडाचे तोडगे गावांत पुढेही चालू राहिले. फरक एवढाच झाला की त्यांवरून न्यायालयाने माणसे मारणे थांबले. श्रद्धा तीच, पण तिच्यामागे सत्तेचा शिक्का नाही म्हटल्यावर बळी गेले नाहीत. म्हणून ‘अंधश्रद्धेने बळी घेतले’ एवढेच म्हणून थांबणे या इतिहासात चुकीचे ठरते. विश्वास, शेजाऱ्यांचे वैर, पाद्र्यांची चौकशी आणि कायदा हे सारे एकत्र आले, तेव्हाच माणूस चितेपर्यंत पोहोचला.

कोणते गैरसमज टाळायला हवेत?

पहिला, सगळ्या चेटकिणींना जिवंत जाळले. स्कॉटलंडमध्ये बहुतेकदा आधी गळा आवळला जाई. यामुळे क्रौर्य कमी होत नाही, पण तपशील वेगळा आहे.

दुसरा, आरोपी म्हणजे प्रामुख्याने सुइणी आणि वैदू बायका. डेटाबेसमध्ये सुईण म्हणून नोंद असलेल्या स्त्रिया मोजक्याच आहेत. बहुसंख्य आरोपी सामान्य गावकरी होते. परीचा उल्लेखही थोड्याच खटल्यांत येतो. पण जिथे येतो, तिथे आरोपीचे स्वतःचे जग आणि चौकशी करणाऱ्याचे जग वेगवेगळे ओळखता येते. म्हणून अभ्यासकांसाठी हे खटले मोलाचे आहेत.

तिसरा, फक्त स्त्रियांवर आरोप झाले. अ‍ॅबर्डीनच्या भागातल्या अँड्रो मॅन या वृद्ध पुरुषाने १५९८ मध्ये परीराणीशी अनेक वर्षांचे संबंध असल्याचे सांगितले होते. त्याच्यावरही खटला चालला.

आज या अभ्यासाचे महत्त्व काय?

फाइफच्या टोरीबर्न गावातली लिलियस अ‍ॅडी १७०४ मध्ये कोठडीत मेली. ती उठून परत येऊ नये म्हणून तिला समुद्रकाठच्या चिखलात, जड शिळेखाली पुरण्यात आले. २०१७ मध्ये डंडी विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी तिच्या कवटीच्या जुन्या छायाचित्रांवरून संगणकाच्या मदतीने तिचा चेहरा तयार केला. चित्रातली बाई भयानक वगैरे काही नाही. ती साधी, वयस्कर, थकलेली दिसते.

एडिनबराच्या डेटाबेसवरून पुढे २०१९ मध्ये नकाशाही तयार झाला. मोबाइलवर तो उघडला की कोणत्या गावातल्या किती जणांवर आरोप झाला, हे दिसते. वकील क्लेअर मिचेल आणि लेखिका झोई व्हेंडिटोझी यांच्या ‘विचेस ऑफ स्कॉटलंड’ मोहिमेच्या तीन मागण्या होत्या : सरकारने माफी मागावी, दोषी ठरलेल्यांना कायद्याने दोषमुक्त करावे आणि राष्ट्रीय स्मारक उभारावे. त्यातली पहिली २०२२ मध्ये पूर्ण झाली.

स्मारकावर नावे कोरायची ठरली, तरी एक अडचण राहणारच. डेटाबेसमधल्या ३,८३७ पैकी ३,२१२ जणांची नावे माहीत आहेत. उरलेल्या ६२५ नोंदींत आरोप आहे, नाव नाही. लिहून घेणाऱ्याला ते लिहावेसे वाटले नाही.